पेशीतील लोह, आरएनए आणि प्रथिने: नियंत्रण नेमके कोण कोणावर ठेवते?

औदुंबर

नमस्कार. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी पेशीतील लोहाच्या नियमनावर मराठीत टिपण लिहायला घेतले आहे आणि दोन ठिकाणी अडलो आहे. जाणकारांनी मदत करावी.

पहिली अडचण अशी. लोह साठवणारे फेरिटिन आणि लोह पेशीत आणणारा ट्रान्सफेरिन रिसेप्टर या दोघांच्याही एमआरएनएवर, म्हणजे प्रथिनाचा मजकूर वाहणाऱ्या आरएनएवर, एकाच प्रकारची हेअरपिन घडी असते, जिला आयआरई म्हणतात. पेशीत लोह कमी पडले की आयआरपी नावाची प्रथिने या घडीला जाऊन चिकटतात. इथवर ठीक. परंतु या चिकटण्याने फेरिटिनची निर्मिती थांबते आणि ट्रान्सफेरिन रिसेप्टरची मात्र वाढते. टंचाईच्या काळात साठवण कमी आणि आवक जास्त हवी, तेव्हा पेशीच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. पण घडी तीच आणि प्रथिन तेच असताना परिणाम उलटे कसे होतात, हे माझ्याजवळच्या पाठ्यपुस्तकाने एका ओळीत गुंडाळले आहे.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. बहुतेक आकृत्यांत प्रथिन हा कर्ता असतो आणि आरएनए हे कर्म: प्रथिन आरएनएला कापते, जोडते, वाहून नेते, नष्ट करते. अलीकडच्या लेखांत मात्र आरएनएच प्रथिनांचे नियमन करते असे वारंवार वाचायला मिळते. हा नुसता बोलण्याचा ढंग आहे, की ज्यांची यंत्रणा रेणूंच्या पातळीवर उलगडली आहे अशी उदाहरणे खरोखर आहेत?

मृदगंध

घडी तीच असली तरी तिची जागा वेगळी आहे आणि सगळा फरक त्या जागेमुळे पडतो.

फेरिटिनच्या एमआरएनएत एकच आयआरई असते. ती 5' टोकाच्या (सुरुवातीच्या टोकाच्या) टोपीसारख्या कॅपजवळ, म्हणजे प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याच्या बरीच आधी येते आणि रायबोसोमचा (प्रथिन बनवणाऱ्या यंत्राचा) लहान घटक एमआरएनएवर चढतो तो पट्टा नेमका हाच आहे. आयआरपी तेथे ठाण मांडून बसले की कॅप ओळखणारी प्रथिने आपल्या जागी येऊ शकतात, पण लहान घटकाला उतरायला जागा उरत नाही. प्रयोगशाळेत ही घडी कॅपपासून साठ-सत्तर न्यूक्लिओटाइड लांब सरकवली तेव्हा आयआरपीची पकड तशीच राहिली, तरी भाषांतरावरची, म्हणजे एमआरएनएवरून प्रथिन बनण्यावरची, अडवणूक बरीच ढिली पडली. ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या एमआरएनएत अशा पाच घड्या आहेत, पण त्या 3' बाजूला, मजकूर संपल्यानंतरच्या भागात आहेत. तेथे रायबोसोम चढत नाही, त्यामुळे भाषांतर अडण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच भागात हा एमआरएनए लवकर कापला जावा अशी व्यवस्था मात्र आहे. आयआरपी घड्यांवर बसले की कापणाऱ्या विकराची (एन्झाइमची) वाट बंद होते, एमआरएनए अधिक काळ टिकतो आणि त्यावरून अधिक रिसेप्टर तयार होतात.

या शोधाचा क्रमही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे. उंदरांना लोह दिल्यावर त्यांच्या यकृतात फेरिटिन वाढते, आणि लिप्यंतरण (डीएनएवरून आरएनए बनणे) बंद पाडणारे अ‍ॅक्टिनोमायसिन-डी दिलेले असले तरीही वाढते, हे ड्रायस्डेल आणि मन्रो यांनी 1966 मध्ये दाखवले होते. म्हणजे नवा एमआरएनए तयार न होता आधीचाच कामाला लागत होता. जनुकनियमन म्हणजे लिप्यंतरणाचे नियमन असे मानले जाण्याच्या त्या काळात हा निष्कर्ष तसा गैरसोयीचाच होता. मन्रो यांच्याच गटाने 1976 मध्ये फेरिटिनचा एमआरएनए लोह मिळेपर्यंत रायबोसोमविना पेशीद्रव्यात राखून ठेवलेला असतो असे मांडले, आणि 1987 मध्ये सुमारे 30 न्यूक्लिओटाइडांची ती घडी सापडली. घडीच्या टोकाला सहा न्यूक्लिओटाइडांचा फास असतो आणि त्याच्या पाच जोड्या खाली एक एकटा सायटोसिन बाहेर डोकावत असतो. या दोन खुणा बिघडल्या की आयआरपीची पकड सुटते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, आणि तेही याच उदाहरणातून. आयआरपी-1 हे प्रथिन लोह भरपूर असताना अ‍ॅकोनिटेज नावाचे विकर म्हणून काम करते, म्हणजे सिट्रेटचे आयसोसिट्रेट बनवते. त्यासाठी त्याच्या गाभ्यात चार लोह आणि चार गंधक अणूंचा एक समूह बसवलेला असतो. लोह कमी पडून हा समूह विस्कटला की प्रथिन उघडते आणि तीच पोकळी आरएनए धरण्यासाठी वापरते. आयआरपी-1 आणि फेरिटिनची आयआरई यांची एकत्रित स्फटिकरचना 2006 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात हे स्पष्ट दिसते: प्रथिनाचे दोन भाग एकमेकांपासून दूर सरकलेले आहेत, आरएनए मधोमध शिरलेला आहे, आणि समूहाला किंवा सिट्रेटला ज्यांचा आधार होता त्यांपैकी काही अमिनो आम्ले आता आरएनएला धरून आहेत. त्यामुळे एकच रेणू एका वेळी विकर तरी असतो किंवा आरएनएचा नियामक तरी. दोन्ही कामे एकदम होऊ शकत नाहीत. कर्ता आणि कर्म अशी विभागणी येथेच डळमळू लागते, कारण खरा निर्णय त्या क्षणी पेशीत किती लोह आहे यावर होतो, आणि लोह हे प्रथिनही नाही आणि आरएनएही नाही.

औदुंबर

मन:पूर्वक आभार. जागेचा मुद्दा आता पक्का झाला. मात्र आयआरपी-1 आणि आयआरपी-2 अशी दोन प्रथिने का आहेत? दोघेही एकाच घडीला चिकटत असतील तर एक पुरेसे नव्हते का?

मृदगंध

दोघेही लोहाची दखल घेतात, पण वेगवेगळ्या मार्गांनी. आयआरपी-2 विकराचे काम करत नाही. लोह पुरेसे असले की एफबीएक्सएल-5 हे प्रथिन आयआरपी-2 वर युबिक्विटिनची खूण लावून त्याला नाशाकडे पाठवते. हे एफबीएक्सएल-5 स्वतः लोह धरून असेल तरच टिकते. लोह सुटले की तेच नष्ट होते आणि आयआरपी-2 वाचते. हा दुवा 2009 मध्ये सापडला.

दोन्ही जनुके काढून टाकलेल्या उंदरांचे भ्रूण अगदी सुरुवातीलाच मरतात, परंतु एकच काढले तर उंदीर जगतात आणि तेव्हा दोघांची कामे वेगळी असल्याचे लक्षात येते. आयआरपी-2 नसलेल्या उंदरांत रक्तपेशी लहान राहून पंडुरोग होतो. आयआरपी-1 नसलेल्यांत उलट तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढतात, कारण एचआयएफ-2-अल्फा या प्रथिनाच्या एमआरएनएच्या 5' भागातही आयआरई आहे. तिच्यावरचा पहारा उठला की ते प्रथिन वाढते आणि त्यासोबत एरिथ्रोपोएटिन हे तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरकही वाढते. तीन वेगवेगळ्या गटांनी 2013 मध्ये हे जवळजवळ एकाच वेळी दाखवले. लोह नसताना तांबड्या पेशी तयार करण्याचा घाट घालू नये, ही समज या एका घडीतून येते.

नेत्रपल्लवी

मी नेत्रतज्ज्ञ आहे, त्यामुळे एका आजाराची भर घालते, कारण तो टिपणात यायलाच हवा.

काही कुटुंबांत तरुणपणीच, कधी बालपणीच, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होतो आणि रक्ततपासणीत फेरिटिन खूप वाढलेले, अनेकदा 1000 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आढळते. फेरिटिन वाढले की शरीरात लोह साचले असे समजण्याची सवय असते. या रुग्णांत मात्र ट्रान्सफेरिनची संपृक्तता (रक्तातले हे लोहवाहू प्रथिन लोहाने किती भरले आहे ते) सामान्य असते आणि लोह अजिबात साचलेले नसते. कारण 1995 मध्ये उलगडले. या कुटुंबांत फेरिटिनच्या एल-उपघटकाच्या जनुकात बिघाड आहे, पण तो प्रथिनाच्या मजकुरात नसून वर सांगितलेल्या आयआरईमध्ये आहे. आयआरपीला ती बिघडलेली घडी नीट धरता येत नाही, अडवणूक संपते आणि लोह असो वा नसो, एल-फेरिटिन अखंड तयार होत राहते. डोळ्याच्या भिंगात त्याचे स्फटिक जमतात, म्हणून मोतीबिंदू. हा वारसा प्रभावी पद्धतीचा असल्यामुळे पालकांपैकी एकाकडून आलेली एक बिघडलेली प्रत पुरते. निरनिराळ्या उत्परिवर्तनांना ती जिथे प्रथम सापडली त्या पॅरिस, व्हेरोना अशा शहरांची नावे मिळाली आहेत.

याला व्यवहारात महत्त्व आहे. लोह साचले आहे असे समजून अशा व्यक्तीचे रक्त काढत राहिल्यास तिला लवकरच पंडुरोग होतो आणि फेरिटिनचा आकडा तरीही खाली येत नाही. फेरिटिन जास्त, संपृक्तता सामान्य आणि घरात लहान वयातल्या मोतीबिंदूचा इतिहास हे तिन्ही एकत्र दिसले तर आधी हा आजार आठवावा.

शब्दवेधी

आरएनए प्रथिनाचे नियमन करते हा बोलण्याचा ढंग नाही. एक उदाहरण तर इतके भक्कम आहे की ते पाठ्यपुस्तकांत पुढच्या पानांवर यायला हवे, आणि ते 7एसके आरएनएचे आहे.

हा सुमारे 330 न्यूक्लिओटाइडांचा आरएनए कोणत्याही प्रथिनाचा मजकूर वाहत नाही आणि मानवी पेशीत त्याच्या साधारण दोन लाख प्रती असतात. पी-टीईएफबी नावाचे विकर आरएनए पॉलिमरेज-2 ला जनुकाच्या सुरुवातीच्या थांब्यावरून पुढे ढकलते. ते मोकाट सुटले तर लिप्यंतरण बेसुमार होईल, म्हणून त्यातील मोठा हिस्सा पेशी अडवून ठेवते. अडवण्याचे काम हेक्सिम-1 हे प्रथिन करते, पण एकटे हेक्सिम-1 निष्प्रभ असते. 7एसके आरएनएला चिकटल्यावरच त्याचा आकार बदलतो, विकराला जखडणारा त्याचा भाग मोकळा होतो आणि पी-टीईएफबी बंद पडते. 7एसकेचे हे काम 2001 मध्ये उघडकीस आले. म्हणजे येथे आरएनए आधी एका प्रथिनाला सक्षम करतो आणि त्याच्याकरवी दुसऱ्याला निष्क्रिय करतो. एचआयव्ही विषाणूने नेमकी हीच कडी हेरली आहे: त्याचे टॅट प्रथिन पी-टीईएफबीला 7एसकेच्या ताब्यातून काढून घेते आणि विषाणूच्या स्वतःच्या आरएनएवरील टार नावाच्या घडीपाशी नेते. एका आरएनएच्या बंदिवासातून सुटलेले विकर दुसऱ्या आरएनएच्या चाकरीला लागते.

दुसरे उदाहरण पीकेआर या विकराचे. विषाणूसंसर्गात तयार होणारा दुहेरी आरएनए पुरेसा लांब, म्हणजे सुमारे 30 जोड्यांचा किंवा अधिक असला की दोन पीकेआर त्यावर शेजारी येतात, एकमेकांना कार्यान्वित करतात आणि पेशीतले भाषांतर रोखतात. अ‍ॅडेनोविषाणू यावर उपाय म्हणून व्हीए नावाचा छोटा आरएनए ढिगाने बनवतो, जो पीकेआरला चिकटतो पण जागे करत नाही. प्रथिन तेच असताना एक आरएनए ते चालू करतो आणि दुसरा त्याला कुलूप लावतो.

तिसरे उदाहरण अलीकडचे, 2019 चे आहे. पी-62 हे प्रथिन पेशीतील टाकाऊ माल ऑटोफॅजीकडे, म्हणजे पेशीच्या स्वतःचाच माल पचवण्याच्या व्यवस्थेकडे, पोचवते आणि त्यासाठी त्याचे अनेक रेणू एकमेकांना जोडले जावे लागतात. व्हॉल्ट आरएनए 1-1 हा छोटा आरएनए पी-62 ला चिकटून ही जोडणी होऊ देत नाही. अमिनो आम्लांचा तुटवडा पडला की या आरएनएचे प्रमाण घटते, पी-62 च्या साखळ्या बनतात आणि ऑटोफॅजी वाढते.

काटेकोर

वरील उदाहरणांबद्दल माझी तक्रार नाही. या विषयाभोवती जो उत्साह आहे त्याबद्दल मात्र आहे आणि विद्यार्थ्यांना सावध करायला हवे असे मला वाटते.

हायडेलबर्ग आणि बर्लिन येथील गटांनी 2012 मध्ये मानवी पेशींवर 254 किंवा 365 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा मारा करून आरएनए आणि त्याला टेकलेली प्रथिने जागच्या जागी जोडली, एमआरएनएच्या शेवटी असणाऱ्या पॉली-ए शेपटीच्या आधारे तो बाहेर ओढला आणि त्याच्यासोबत आलेली प्रथिने ओळखली. दोन्हीकडे सुमारे 800 प्रथिनांची यादी तयार झाली आणि तिच्यात आरएनए धरण्याचा ओळखीचा भाग नसलेली शेकडो प्रथिने होती; ग्लुकोजच्या विघटनातील साधी विकरेसुद्धा होती. त्यानंतर यादीतील प्रत्येक विकराला आरएनएचा नियामक ठरवण्याची किंवा आरएनएकडून नियमित होणारे ठरवण्याची घाई सुरू झाली. पेशीद्रव्यात काही विकरे प्रचंड प्रमाणात असतात आणि बाजाराच्या गर्दीत खांद्याला खांदा लागला म्हणून ओळख झाली असे होत नाही. अतिनील किरणांनी झालेली जोडणी स्पर्श झाल्याचे सांगते, पण त्या प्रथिनाच्या एकूण रेणूंपैकी किती टक्के आरएनएवर होते आणि त्या स्पर्शाने काही फरक पडला का, हे ती सांगत नाही.

म्हणून माझी कसोटी अशी आहे. प्रथिनाचा असा बदललेला प्रकार बनवावा की ज्याची मूळ क्षमता शाबूत आहे आणि फक्त आरएनए धरण्याची शक्ती गेली आहे. मग पेशीत काय होते ते पाहावे. उलट बाजूने तो आरएनए काढून घेतल्यावर तोच परिणाम मिळतो का, हेही पाहावे. शब्दवेधी यांनी सांगितलेला पी-62 चा दाखला या कसोटीला उतरतो, कारण तेथे झिंक-फिंगर भागातील मोजकी अमिनो आम्ले बदलूनही पाहिली आहेत आणि आरएनए काढूनही. यादीतील बहुतांश प्रथिनांबाबत यांपैकी काहीच झालेले नाही.

औदुंबर

काटेकोर यांचा मुद्दा पटला. मग एनोलेज-1 चे काय करावे? ग्लुकोजच्या विघटनातील या विकराला आरएनए रोखतो असे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ते टिपणात घ्यावे की वगळावे?

काटेकोर

घ्यावे, पण 7एसकेच्या पंक्तीला बसवू नये. त्या अभ्यासात आरएनए आणि विकराचे मूळ कार्यद्रव्य यांच्यात एकाच जागेसाठी चढाओढ होते हे परीक्षानळीत दाखवले आहे, आणि उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींत आरएनए धरण्याची क्षमता बदललेली एनोलेज-1 ची रूपे घालून पेशींच्या पुढील रूपांतरावर परिणाम होतो हेही दाखवले आहे. माझ्या कसोटीचा अर्धा भाग त्यामुळे पूर्ण होतो. तरी एनोलेजसारख्या मुबलक प्रथिनाबाबत प्रमाणाचा हिशेब टाळता येत नाही: विकराचे रेणू लाखोंनी असतील तर त्यांतला लक्षणीय वाटा गुंतवून ठेवायला आरएनएवरच्या जागाही त्याच मानाने लागतील. येथे अनेक वेगवेगळे आरएनए मिळून ते काम करतात असे मानावे लागते, आणि अशा विखुरलेल्या नियमनात कोणी कोणाला केव्हा सोडावे हे ठरवणारी खूण शोधणे अवघड असते. एनोलेजच्या बाबतीत त्याच्या अमिनो आम्लांवरील अ‍ॅसिटिल खुणा आरएनएशी असलेली पकड बदलतात, हा त्या दिशेचा एक धागा आहे.

शब्दवेधी

प्रमाणाचा विषय निघालाच आहे तर जीवाणूंकडे पाहावे, कारण हा हिशेब तेथे फार स्वच्छ मांडलेला दिसतो.

ई. कोलायमध्ये सीएसआर-ए हे लहान प्रथिन अनेक एमआरएनएंवरील जीजीए या क्रमाला चिकटते. ग्लायकोजेन साठवणाऱ्या जनुकांच्या एमआरएनएवर ते रायबोसोमच्या जागीच बसते, म्हणून साठवण बंद राहते. आता या प्रथिनाला आवरायचे कोणी? त्यासाठी सीएसआर-बी नावाचा सुमारे 370 न्यूक्लिओटाइडांचा आरएनए आहे, ज्याच्यावर तोच जीजीए क्रम पुन्हा पुन्हा येतो आणि ज्याचा एकेक रेणू सीएसआर-ए ची सुमारे 18 एकके अडकवून ठेवतो. त्यामुळे प्रथिनाच्या तुलनेत आरएनए संख्येने कमी असूनही पुरा पडतो. सीएसआर-ए मोकळे असले की ते एमआरएनएवर राज्य करते, सीएसआर-बी वाढला की त्या प्रथिनाचेच चालेनासे होते आणि ग्लायकोजेनवरची बंदी उठते. पुढे आणखी एक कडी आहे: सीएसआर-बी स्वतः आरएनेज-ई या विकराकडून तोडला जातो, या तोडण्याला सीएसआर-डी हे प्रथिन साहाय्य करते, आणि हे साहाय्य मिळायचे की नाही हे ग्लुकोज आत घेणाऱ्या यंत्रणेच्या स्थितीवर ठरते. ग्लुकोज मिळत असेल तर सीएसआर-बी लवकर नष्ट होतो. औदुंबर, आपल्या लोहाच्या उदाहरणातही शेवटचा शब्द एका साध्या पोषकद्रव्याचाच होता.

आकृतीबद्दल एक सूचना करतो. बाणांची आकृती काढताना प्रत्येक बाणाशेजारी दोन्ही रेणूंचे पेशीतील अंदाजे प्रमाण लिहायला जागा ठेवावी. जेथे तो आकडा भरता येत नाही तेथे बाण तुटक काढावा, म्हणजे काटेकोर यांची शंका विद्यार्थ्यांना न सांगताच दिसेल.

मृदगंध

त्याच आकृतीत टीडीपी-43 ला एक कोपरा द्यावा, कारण त्यात प्रथिन आणि आरएनए एकमेकांना नव्हे, तर प्रथिन स्वतःच्याच आरएनएमार्गे स्वतःला आवरते. केंद्रकात हे प्रथिन जास्त झाले की ते स्वतःच्या एमआरएनएच्या 3' भागाला चिकटते, त्याच्या तुकड्यांची जोडणी (स्प्लायसिंग) बदलते आणि त्यामुळे नवे प्रथिन कमी तयार होते. एएलएस या चेतासंस्थेच्या आजारात हे प्रथिन केंद्रकातून बाहेर पेशीद्रव्यात जाऊन साचते. केंद्रक रिकामे पडल्यामुळे ज्या एमआरएनएंमधून ते एरवी नको असलेले तुकडे बाहेर ठेवत असे, त्यांत ते तुकडे शिरतात. चेतापेशींना लागणारे यूएनसी13ए हे प्रथिन अशाच एका तुकड्यामुळे घटते. नेत्रपल्लवी यांच्या उदाहरणात आरएनएची घडी बिघडली होती, येथे आरएनए शाबूत आहे आणि ते धरणारे प्रथिन जागेवर नाही. दोन्ही शेजारी छापल्यास विद्यार्थ्यांना तुलना करता येईल.